आजोबांच्या पाटीवरचं 'एल.सी.पी.एस.' म्हणजे नक्की काय? ब्रिटिश काळातल्या डॉक्टरी डिग्र्या आणि लायसन्स : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापुरात जुने वाडे पाडायचं काम चालूच आहे आणि प्रत्येक पाडकामात माळ्यावरून एखादी ट्रंक निघतेच, त्यात डॉक्टर आजोबांची पितळी पाटी, फाटका डिप्लोमा, नाहीतर स्टेथोस्कोपची रबरी नळी. मग लोक फोटो पाठवतात आणि विचारतात, ही कसली डिग्री ओ, आज तर कुठं दिसत नाही. तेच तेच प्रश्न परत परत येतात म्हणून इथं एकत्र उत्तरं देतोय. क्रम फार लावलेला नाही, पाहिजे तिथून वाचा.

पाटीवर एल.सी.पी.एस. लिहिलंय. आजोबा खरे डॉक्टर होते की कंपाउंडर?

खरे डॉक्टर. हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि दर वेळी थोडं वाईट वाटतं, कारण विचारणाऱ्याच्या आवाजात जरा लाज असते. एल.सी.पी.एस. म्हणजे लायसेन्शिएट ऑफ द कॉलेज ऑफ फिजिशियन्स अँड सर्जन्स. हे कॉलेज मुंबईत १९१२ मध्ये लंडनच्या रॉयल कॉलेजांच्या धर्तीवर निघालं आणि ते युनिव्हर्सिटी नव्हतं, परीक्षा घेऊन डिप्लोमा देणारी संस्था होती. मुलं शिकायची मेडिकल स्कूलमध्ये, म्हणजे आपल्याकडची बहुतेक पुण्याच्या बी. जे. मेडिकल स्कूलला, आणि परीक्षा या कॉलेजची द्यायची. मॅट्रिक झालं की प्रवेश, साधारण चार वर्षांचा कोर्स. ॲनाटॉमी, सर्जरी, बाळंतपण, पोस्टमॉर्टेम सगळं होतं. कंपाउंडर हा प्रकारच वेगळा, तो औषध कालवून बाटलीत भरणारा, बाटलीला डोसाच्या खुणा केलेली कागदाची पट्टी खळीनं चिकटवणारा, एवढंच त्याचं काम (आता गावाकडं कंपाउंडरनंच पुढं दवाखाना टाकल्याची उदाहरणं ढीगभर आहेत, पण ते सोडा).

मग एल.एम. अँड एस. आणि एम.बी.बी.एस. यात काय फरक?

इथं जरा मागं जावं लागेल. मुंबईचं ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ चं, तेव्हा मुंबई युनिव्हर्सिटीच नव्हती. त्यामुळे पहिली मुलं १८५१ मध्ये पास झाली तेव्हा त्यांना कॉलेजनंच डिप्लोमा दिला, जी.जी.एम.सी., म्हणजे ग्रॅज्युएट ऑफ ग्रँट मेडिकल कॉलेज. त्या पहिल्या तुकडीत भाऊ दाजी लाड होते, आत्माराम पांडुरंग होते. म्हणजे ज्यांच्या नावाची म्युझियमं आहेत ते लोक आजच्या भाषेत 'डिग्री नसलेले'.

१८५७ ला युनिव्हर्सिटी आली, कॉलेज तिला जोडलं गेलं आणि १८६२ पासून एल.एम. सुरू झालं, लायसेन्शिएट ऑफ मेडिसिन. पुढं त्यात सर्जरी जोडून एल.एम. अँड एस. झालं. नाव लायसेन्शिएट असलं तरी ही युनिव्हर्सिटीची पदवी, आणि इथंच सगळ्यांची गफलत होते, कारण एल.सी.पी.एस. मध्येही लायसेन्शिएट आणि एल.एम. अँड एस. मध्येही लायसेन्शिएट, पण पहिला डिप्लोमा आणि दुसरी पदवी, आणि सरकारी नोकरीत या दोघांच्या खुर्च्या वेगवेगळ्या. एल.एम. अँड एस. वाला असिस्टंट सर्जन होऊ शकायचा, मेडिकल स्कूलवाला सब-असिस्टंट सर्जन, ज्याला आधी हॉस्पिटल असिस्टंट म्हणायचे. तालुक्याच्या डिस्पेन्सरीत बहुतेक हाच सब-असिस्टंट सर्जन असायचा, पेशंट तोच बघायचा, पगार मात्र कमी.

१९१० च्या दशकात मुंबईत एल.एम. अँड एस. बंद होऊन एम.बी.बी.एस. आलं. म्हणजे तुमच्याकडं एल.एम. अँड एस. ची पाटी असेल तर माणूस साधारण त्याच्या आधी शिकलेला. एवढ्यावरून वय काढता येतं, जन्मतारखेचा दाखला नसला तरी.

पाटीवर एल.एम.पी. किंवा एल.एम.एफ. आहे, एल.सी.पी.एस. नाही. हे काय?

प्रांत वेगळा. एल.एम.पी. (लायसेन्स्ड मेडिकल प्रॅक्टिशनर) मध्य प्रांतात आणि मद्रासकडं चालायचं, नागपूरला १९१४ चं रॉबर्टसन मेडिकल स्कूल होतं तिथले लोक एल.एम.पी. बंगालकडं एल.एम.एफ. (लायसेन्शिएट ऑफ द मेडिकल फॅकल्टी). दर्जा सगळ्यांचा साधारण एकच, मेडिकल स्कूलवाले लायसेन्शिएट. सोलापुरात तेलुगू घरं भरपूर, त्यामुळे मद्रास प्रांतात शिकून इकडं आलेला एखादा एल.एम.पी. सापडला तर आश्चर्य वाटून घेऊ नका.

आनंदीबाई जोशी १८८६ लाच एम.डी. झाल्या म्हणतात. मग आपले त्या काळातले पुरुष डॉक्टर एम.डी. का नाहीत?

कारण अमेरिकेतलं एम.डी. आणि मुंबईचं एम.डी. या दोन वेगळ्या गोष्टी. अमेरिकेत डॉक्टर होण्याची पहिलीच पदवी एम.डी. असते, तेव्हाही आणि आजही. आनंदीबाईंनी पेनसिल्व्हेनियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजमधून ती घेतली. आपल्याकडं ब्रिटिश पद्धत, म्हणजे आधी एल.एम. आणि मग वरची परीक्षा एम.डी., ती फारच थोडे द्यायचे. मुंबई युनिव्हर्सिटीचं पहिलं एम.डी. १८७६ मध्ये अण्णा मोरेश्वर कुंटे यांना मिळालं. आणि गंमत बघा, याच कुंट्यांनी पुढं १८८० मध्ये वाग्भटाचं अष्टांगहृदय संपादून छापलं. पाश्चात्त्य वैद्यकातला मुंबईचा पहिला एम.डी. आणि हातात आयुर्वेदाची पोथी! ॲलोपॅथीवाले एकीकडं आणि वैद्य दुसरीकडं अशी जी भिंत आपण समजतो ती त्या पिढीत एवढी उंच नव्हती, ती नंतर कायद्यानं उंच केली.

यामुळे आनंदीबाईंचं मोल कमी होत नाही हां, कृपया तसा अर्थ काढून भांडू नका. अठरा वर्षांची बाई १८८३ साली एकटी बोटीनं जाते यातच सगळं आलं. फक्त 'आजच्या एम.डी. एवढं शिकल्या' असं जे फॉरवर्ड फिरतं ते चूक आहे, एवढंच.

बायकांना मुंबईत शिकताच येत नव्हतं का?

१८८३ पासून ग्रँटमध्ये यायला लागलं. आनंदीबाई त्याच वर्षी अमेरिकेला निघाल्या, योगायोग. मद्रासला तर १८७५ पासूनच घेत होते. पण शिकायला मिळणं वेगळं आणि लायसन्स मिळणं वेगळं. रखमाबाई लंडनच्या विमेन्स मेडिकल स्कूलमध्ये शिकल्या, पण लंडनच्या रॉयल कॉलेजांची दारं तेव्हा बायकांना बंद होती, त्यामुळे असं शिकलेल्या बायका परीक्षेला स्कॉटलंडला नाहीतर ब्रसेल्सला जायच्या. बंगालच्या कादंबिनी गांगुलींनीही १८९३ मध्ये स्कॉटलंडच्याच लायसन्स परीक्षा दिल्या. म्हणून त्या काळच्या बायकांच्या नावापुढं दोन-तीन गावांची अक्षरं दिसतात. हौस नव्हती ती, एकाच ठिकाणी पुरं होत नव्हतं म्हणून.

रजिस्ट्रेशन, म्हणजे लायसन्स, कधी सुरू झालं?

मुंबई इलाख्यात १९१२ च्या बॉम्बे मेडिकल ॲक्टनं. हिंदुस्थानात असा कायदा पहिला आपल्याकडंच झाला, बंगाल आणि मद्रास १९१४ ला. सोलापूर मुंबई इलाख्यात, त्यामुळे इथल्या डॉक्टरांना हाच कायदा लागू. बॉम्बे मेडिकल कौन्सिल स्थापन झालं, रजिस्टर तयार झालं, मान्य पदवी किंवा डिप्लोमा असेल त्याचं नाव त्यात.

म्हणजे १९१२ च्या आधी कुणीही दवाखाना टाकायचा?

हो, आणि नंतरसुद्धा! हे लोकांना पटत नाही. त्या कायद्यानं रजिस्टरमध्ये नाव नसलेल्या माणसाला प्रॅक्टिस करायला बंदी घातली नव्हती. रजिस्टरचा उपयोग असा की सरकारी नेमणूक आणि कायद्याला लागणारं सर्टिफिकेट रजिस्टर्ड डॉक्टरचंच. बाकी पेशंटला कुणाकडं जायचं ते जावं.

सोलापूरच्या बाबतीत ही सही किती महत्त्वाची ते गिरणीवरून समजतं. आपली जुनी मिल १८७७ ची. १८८१ च्या फॅक्टरी ॲक्टनं सात वर्षांखालच्या पोराला कामावर घ्यायला बंदी केली, १८९१ ला ती मर्यादा नऊ वर्षांवर नेली. आता जन्माची नोंद कुणाकडं होती? कुणाकडंच नाही. मग डॉक्टरनं पोराचे दात बघायचे, उंची बघायची, आणि वय ठरवून कागदावर सही करायची. आईबाप म्हणणार नऊ पूर्ण झाली, कारण घरात आणखी एक पगार पाहिजे, मुकादम पण तेच म्हणणार. तिथं सही कुणाची चालेल हे सरकार ठरवायचं. औषध कुणाचं चालेल हे मात्र पेठेतले लोक ठरवायचे, आणि या दोन याद्या कधीच जुळल्या नाहीत.

खोट्या डिग्र्या तेव्हापण होत्या का?

भरपूर. म्हणून तर १९१६ चा इंडियन मेडिकल डिग्रीज ॲक्ट आला. त्यानं दोन गोष्टी केल्या : सरकारनं अधिकार दिलेला नाही अशा कुणीही पाश्चात्त्य वैद्यकाची पदवी, डिप्लोमा द्यायचा नाही, आणि नसलेली पदवी कुणी नावापुढं लावली तर दंड, पहिल्यांदा २५० रुपयांपर्यंत, परत सापडला तर ५०० पर्यंत. त्या काळात ही रक्कम म्हणजे लहान माणूस आयुष्यातून उठेल एवढी.

पण याची दुसरी बाजू पण आहे. स्वदेशीच्या काळात, खास करून कलकत्त्यात, हिंदी लोकांनी स्वतःच्या खाजगी मेडिकल संस्था काढल्या होत्या, सरकारी कॉलेजात जागा मिळत नाही आणि सरकारची मर्जी पण नको म्हणून. त्यातल्या काही खरंच दुकानं होत्या, काही मनापासून चालवलेल्या. कायद्याच्या फटक्यात दोन्ही सापडल्या. 'दर्जा राखायचा' हे कारण खरं होतं, पण दर्जा कुणी तपासायचा याचं उत्तर दर वेळी एकच निघायचं, साहेबानं.

आमचे पणजोबा वैद्य होते, त्यांचं रजिस्ट्रेशन कुठं बघायचं?

१९३८ च्या आधी बघूच नका. त्या वर्षी बॉम्बे मेडिकल प्रॅक्टिशनर्स ॲक्ट झाला, त्यात वैद्य-हकीमांच्या नोंदणीची सोय आली. १९१६ च्या कायद्यातून आयुर्वेद, युनानी, होमिओपॅथी बाहेरच ठेवलेले होते. आणि ॲलोपॅथीच्या रजिस्टरमधल्या डॉक्टरनं वैद्यांबरोबर उठबस केली तर कौन्सिलला ते चालत नव्हतं, मुंबईत पोपट प्रभुराम नावाच्या डॉक्टरांवर आयुर्वेद कॉलेजशी संबंध ठेवला म्हणून कौन्सिलनं आक्षेप घेतला, त्यावर बराच गाजावाजा झाला. कुंट्यांच्या पोथीपासून इथपर्यंत चाळीस वर्षांच्या आतबाहेर.

१९३० ला आपल्या डिग्र्या इंग्लंडनं रद्द केल्या म्हणतात, खरं का?

रद्द नाही, मान्यता काढली. आणि हा सगळा प्रकार जरा नीट सांगण्यासारखा आहे.

लंडनला जनरल मेडिकल कौन्सिल म्हणून संस्था, १८५८ च्या कायद्याची. १८८६ च्या कायद्यानं वसाहतींमधल्या डिग्र्या पण तिच्या रजिस्टरला लागायची सोय झाली आणि पुढं मुंबई, कलकत्ता, मद्रासच्या पदव्या मान्य झाल्या. म्हणजे ग्रँटचा पदवीधर ब्रिटनमध्ये रजिस्टर होऊ शकत होता. पहिल्या महायुद्धानंतर लंडनवाल्यांनी कुरकुर सुरू केली, मुद्दा बाळंतपणाचा. त्यांचा नियम होता की प्रत्येक विद्यार्थ्यानं ठराविक बाळंतपणं स्वतः केलेली पाहिजेत. आता आपल्याकडं बाई बाळंतपणाला हॉस्पिटलात जायची का? घरात, सुईणीच्या हातून. आणि पुरुष विद्यार्थ्यापुढं तर नाहीच नाही. सोलापूरच्या कुठल्याही जुन्या आजीला विचारा. मग कॉलेजनं केसेस आणायच्या कुठून? म्हणजे मुद्दा खोटा नव्हता, शिकवण्यात ती कमी होतीच, पण तिचं कारण कॉलेजच्या भिंतीबाहेर होतं.

१९२० च्या दशकात लंडन कौन्सिलतर्फे नॉर्मन वॉकर आणि कर्नल नीडहॅम येऊन तपासणी करून गेले. मग प्रस्ताव आला की कायमचा एक तपासणी कमिशनर नेमायचा. लोक भडकले, आमच्या युनिव्हर्सिट्या, आमचे पैसे आणि तपासणार लंडनचा माणूस! दिल्लीच्या कायदेमंडळाच्या कमिटीनं पैसेच मंजूर केले नाहीत. फेब्रुवारी १९३० मध्ये लंडन कौन्सिलनं हिंदी डिग्र्यांची मान्यता काढून घेतली.

आधी रजिस्टर झालेल्यांना काही झालं नाही. पण नव्या पोरांना विलायतेत जाऊन थेट रजिस्टर होता येईना, इंडियन मेडिकल सर्व्हिसची, म्हणजे सरकारच्या वरच्या डॉक्टरी नोकरीची वाट अडली. सोलापुरात तेव्हा याची किती चर्चा झाली असेल म्हणता? त्याच वर्षी मे मध्ये इथं मार्शल लॉ लागला, पुढच्या जानेवारीत चार हुतात्मे फाशी गेले. डिग्रीचं कोण बघतो.

यातूनच १९३३ चा इंडियन मेडिकल कौन्सिल ॲक्ट आला आणि मेडिकल कौन्सिल ऑफ इंडिया उभं राहिलं. दर्जा आपला आपण तपासायचा, एवढं तरी पदरात पडलं.

मग त्या नव्या कौन्सिलमध्ये एल.सी.पी.एस. वाले आले का?

नाही! आणि हीच खरी खोच आहे. १९३३ चा कायदा फक्त युनिव्हर्सिटीच्या पदवीधरांचा. लायसेन्शिएट बाहेर. त्यांची अखिल भारतीय संघटना होती, भांडली, उपयोग झाला नाही. लंडननं आपल्या पदवीधरांना जे केलं तेच आपल्या पदवीधरांनी लायसेन्शिएटना केलं, आणि तेही तीन वर्षांत. प्रांताच्या रजिस्टरमध्ये ते राहिले, प्रॅक्टिस चालू राहिली, पण मान गेला तो गेलाच. पाटीवरून नातवांना जी लाज वाटते तिचं मूळ इथं आहे, आजोबांच्या ज्ञानात नाही.

लायसेन्शिएट होते तरी किती?

भोर कमिटीच्या (देशातल्या आरोग्यव्यवस्थेची पाहणी करायला सरकारनं नेमलेली कमिटी) १९४६ च्या रिपोर्टात आकडा आहे : ब्रिटिश हिंदुस्थानात रजिस्टर्ड डॉक्टर ४७,५२४, त्यातले पदवीधर १७,६५४ आणि लायसेन्शिएट २९,८७०. दर पाच डॉक्टरांत तीन. म्हणजे देश चालवला कुणी ते बघा.

आणि त्याच कमिटीनं सांगितलं की यापुढं एकच डॉक्टर, एम.बी.बी.एस., लायसेन्शिएट कोर्स बंद. सगळ्या सदस्यांना हे पटलं नव्हतं, काहींनी वेगळं मत लिहिलं की एवढे डॉक्टर कमी असताना हा कोर्स इतक्यात बंद करू नका. ऐकलं नाही. पुण्याचं बी. जे. मेडिकल स्कूल १९४६ लाच कॉलेज झालं, अहमदाबादचं पण. जुन्या लायसेन्शिएटना थोडक्यात एम.बी.बी.एस. पुरं करायची सोय दिली होती, म्हणून काहींच्या पाटीवर दोन्ही अक्षरं असतात.

माझं स्वतःचं मत विचाराल तर वेगळं मत लिहिणाऱ्यांचं बरोबर होतं. एकच दर्जा ठेवायचा हे ऐकायला चांगलं, पण तो दर्जा मिळवलेला माणूस मंगळवेढ्याच्या पुढं राहायला तयार नसेल तर तिथल्या लोकांनी काय करायचं? आज आपण परत तीन वर्षांच्या कोर्सच्या गोष्टी करतोय, मग भांडतोय, मग विसरतोय.

आजोबा तुळजापूर-नळदुर्गकडं प्रॅक्टिस करायचे. बॉम्बे रजिस्टरमध्ये नाव नाही. का?

कारण ते निजामाचं राज्य. सोलापुरातून पाऊण तासावर सरकार बदलायचं. बॉम्बे मेडिकल ॲक्ट तिकडं लागू नव्हता. हैदराबादला १८४६ पासून मेडिकल स्कूल होतं आणि सुरुवातीला शिक्षण उर्दूत, म्हणून कागद उर्दूत सापडले तर फेकू नका, कुणा जाणकाराकडून वाचून घ्या. अक्कलकोट पण संस्थान, तिथलं पण वेगळं.

मराठीतून डॉक्टरी शिकवत होते हे खरं का?

खरं. मुंबईत १८२६ ला जॉन मॅक्लेनन नावाच्या डॉक्टरनं देशी भाषांतून शाळा चालवली, मराठीत पुस्तकं तयार केली, १८३२ ला सरकारनं बंद केली. ग्रँट आलं ते इंग्रजीच घेऊन. पुढं हॉस्पिटल असिस्टंटसाठी परत मराठी वर्ग निघाले. दर्जा वाढवायचा म्हटलं की पहिली गोष्ट इंग्रजी, दुसरी मॅट्रिक, तिसरी इंटर सायन्स. दर पायरीला खेड्यातला आणि गरिबाचा पोरगा खाली राहिला.

सोलापुरात मेडिकल कॉलेज का नव्हतं?

आख्ख्या इलाख्यात हाताच्या बोटावर मोजण्याएवढी. आपलं व्ही. एम. मेडिकल कॉलेज १९६३ चं. त्याआधी गाडीत बसायचं आणि पुणे नाहीतर मुंबई. भैय्या चौकात ज्यांचं स्मारक आहे ते द्वारकानाथ कोटणीस, १९१० चा जन्म, तेही मुंबईलाच गेले, जी. एस. मेडिकलला. हे कॉलेज १९२६ चं, आणि देणगीदारांची अटच होती की शिकवणारे सगळे हिंदी पाहिजेत, सरकारी नोकरीतले नकोत. कोटणीस शिकले ते १९३० नंतरच्या काळात, म्हणजे ज्या पदवीला लंडन विचारत नव्हतं तीच पदवी घेऊन १९३८ ला चीनला गेले, आणि तिथं रणांगणावर त्यांना कुणी रजिस्ट्रेशन नंबर विचारला नाही.

आमच्याकडं डिप्लोमाचा कागद आहे. त्यात काय बघायचं?

आधी देणाऱ्याचं नाव बघा, युनिव्हर्सिटी की कॉलेज ऑफ फिजिशियन्स. मग साल. १९१२ च्या आधीचा असेल तर वेगळं रजिस्ट्रेशन सर्टिफिकेट ट्रंकेत असू शकतं, ते नंतर काढलेलं. नावाचं इंग्रजी स्पेलिंग तेव्हा कसं केलंय ते टिपून ठेवा कारण रजिस्टरमध्ये तेच सापडणार, आजचं आडनाव टाकून शोधाल तर बसा शोधत. कागद लॅमिनेट करू नका, कृपा करून. आणि पितळी पाटी ब्रासोनं घासू नका, अक्षरांतला काळा रंग निघून जातो आणि मग एल.सी.पी.एस. होतं का एल.एम.एस. तेच कळत नाही.